अ‍ॅलस्डेअर ग्रे आणि आपल्या शहराची कल्पना करण्याचा हक्क

स्कॉटिश लेखक आणि चित्रकार अ‍ॅलस्डेअर ग्रे यांच्या ‘लॅनार्क’ या कादंबरीत डंकन थॉ आणि केनेथ मॅकअल्पिन हे दोन कलाविद्यार्थी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या काउकॅडन्स भागातल्या एका चढावरून शहर न्याहाळत उभे असतात. इतके भव्य शहर, तरी त्याची भव्यता आपल्या लक्षात क्वचितच का येते, असे मॅकअल्पिन विचारतो. थॉचे उत्तर असे की, इथे राहण्याची कल्पनाच कोणी करीत नाही. फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन किंवा न्यूयॉर्कला पहिल्यांदा जाणारा माणूस तिथे परका नसतो, कारण चित्रांतून, कादंबऱ्यांतून, इतिहासाच्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून तो तिथे आधीच जाऊन आलेला असतो. ज्या शहराला कलावंताचा हात लागलेला नाही, त्या शहरात मात्र खुद्द तिथले रहिवासीसुद्धा कल्पनेने राहत नाहीत. घर, कामाची जागा, फुटबॉलचे मैदान, दोनचार पब आणि त्यांना जोडणारे रस्ते एवढेच शहर त्यांच्या वाट्याला येते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतला हा संवाद स्कॉटलंडमध्ये पुन्हापुन्हा उद्धृत केला जातो, आणि बहुधा शहराच्या अभिमानाचे वचन म्हणूनच केला जातो. माझ्या मते तो नागरी हक्काविषयीचा संवाद आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे.

कलेवर सार्वजनिक पैसा खर्च करावा की नाही, हा वाद जगात जिथे जिथे नगरपालिका आणि अंदाजपत्रके आहेत तिथे तिथे चालतो. खर्चाच्या बाजूने बोलणारे बहुतेक वेळा पर्यटनाचे, रोजगाराचे आणि शहराच्या नावलौकिकाचे आकडे पुढे करतात. विरोधात बोलणारे रुग्णालये आणि रस्ते यांच्याकडे बोट दाखवतात. ग्रे यांचे आयुष्य आणि काम या दोन्ही युक्तिवादांच्या मुळाशी जाणारा तिसरा युक्तिवाद मांडते: आपण जिथे राहतो ती जागा चित्रात, गोष्टीत आणि भिंतीवर पाहायला मिळणे ही पाण्याच्या नळासारखी मूलभूत नागरी सोय आहे, आणि ती पुरवण्याची व टिकवण्याची जबाबदारी पाण्याच्या नळाइतकीच सार्वजनिक आहे. हे मत मला पूर्णपणे पटलेले आहे, आणि त्याविरुद्धचे आक्षेप टाळून जाण्याइतके ते दुबळे नाही, असेही मला वाटते.

ग्रे यांचा जन्म २८ डिसेंबर १९३४ रोजी ग्लासगोच्या पूर्वेकडील रिड्री या वस्तीत झाला. पहिल्या महायुद्धानंतर ग्लासगो नगरपालिकेने भाड्याने देण्यासाठी ज्या वसाहती उभारल्या, त्यांतली ही एक. तिच्या एका अंगाला बार्लिनी तुरुंग होता. पण घरे हवेशीर आणि नीट बांधलेली होती, हाकेच्या अंतरावर शाळा होती आणि सार्वजनिक ग्रंथालय होते. वडील पहिल्या महायुद्धात जखमी झालेले आणि पुढे खोक्यांच्या कारखान्यात काम करणारे. स्वतः वाचणारे आणि समाजवादी विचारांचे गृहस्थ. दम्याने आणि इसबाने त्रस्त असलेल्या या मुलाचे वाचन त्या ग्रंथालयाच्या कपाटांवर पोसले गेले. १९५२ मध्ये तो ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला तो सरकारी अनुदानाच्या आधारावर; दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी राज्याशिवाय त्याच्या परिस्थितीतल्या मुलाला पाच वर्षे चित्रकला शिकणे परवडलेच नसते. आपण नगरपालिकेचे घर, मोफत शिक्षण, सार्वजनिक ग्रंथालय आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा यांचे अपत्य आहोत, ही जाणीव ग्रे यांच्या लेखनात शेवटपर्यंत दिसते. त्यांच्या समाजवादाचा उगम कोणत्याही ग्रंथात शोधण्याआधी या रिड्रीमध्ये शोधावा लागतो. चांगले घर आणि चांगले पुस्तक या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेकडून आपल्याला मिळाल्या, म्हणून त्यांच्यात श्रेष्ठकनिष्ठ भाव करण्याचे काही कारण नाही, ही त्या वस्तीने त्यांना दिलेली समजूत होती.

‘लॅनार्क’चे लेखन त्यांनी विद्यार्थिदशेतच, १९५४ च्या सुमारास सुरू केले, पुस्तक हाती यायला जवळजवळ तीन दशके लागली. त्यातल्या ग्लासगोतल्या डंकन थॉची कहाणी वास्तववादी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सूर्यप्रकाश हरवलेल्या अनथँक नावाच्या शहराची भयकथा आहे. तिथे माणसांच्या अंगावर कातडीच्या जागी राक्षसी कवच चढते, माणसे नाहीशी होतात, आणि त्यांचेच अन्न व ऊर्जा करून इतरांना जगवणारी एक संस्था जमिनीखाली चालू असते. कादंबरीचे चार भाग तीन, एक, दोन, चार या क्रमाने येतात. एका प्रकाशकाने हे बाड दोन स्वतंत्र पुस्तकांत तोडण्याची सूचना केली होती, ती ग्रे यांनी मानली नाही. त्यांचा हा नकार मला फार मोलाचा वाटतो. कारण अनथँक हे ग्लासगोच आहे: कल्पनेने ज्याच्यात कोणी राहत नाही असे ग्लासगो. वास्तवातली कहाणी आणि भयकथा वेगळ्या केल्या असत्या, तर एक आत्मचरित्रात्मक कादंबरी आणि एक विज्ञानकथा हाती लागली असती, पण त्या दोहोंच्या नात्यात असलेला राजकीय विचार सुटला असता. शेवटी एडिंबरोच्या कॅननगेट या लहानशा प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक ग्रे यांनी स्वतः रेखाटलेल्या चित्रांसह आणि त्यांनीच आखलेल्या मांडणीने छापले. छोट्या स्थानिक प्रकाशनाचे मोल कशात असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कादंबरीकार म्हणून मान्यता मिळेपर्यंत ग्रे स्वतःला प्रामुख्याने भित्तिचित्रकार समजत होते. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर ब्रिजटन या कामगारवस्तीतल्या ग्रीनहेड चर्चमध्ये त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीची भव्य चित्रे रंगवली. मेहनताना न घेता, केवळ साहित्याच्या खर्चावर, काही वर्षे ते काम चालले होते. सत्तरच्या दशकात ते चर्च पाडण्यात आले आणि चित्रे त्याच्याबरोबर गेली. याच काळात शहराच्या मध्यभागातून एम-८ हा महामार्ग काढण्यात आला. टाउनहेड, काउकॅडन्स, चेरिंग क्रॉस, अँडरस्टन या जुन्या वस्त्यांचे मोठमोठे भाग त्याच्यासाठी आणि पुनर्विकासासाठी उद्ध्वस्त झाले, आणि लाखो लोक शहराच्या कडेच्या वसाहतींत किंवा नव्या उपनगरांत हलवले गेले. जुन्या चाळींची दुरवस्था खरी होती आणि नव्या घरांची गरजही खरी होती. हे नाकारून केलेले गतकाळाचे गोडवे ग्रे यांनी कधी गायले नाहीत. मात्र ज्यांनी ते नकाशे आखले त्यांच्या दृष्टीने ते भाग रिकामे होते, आणि ते रिकामे दिसण्याचे एक कारण हे की ते कोणी रंगवलेले किंवा लिहिलेले नव्हते. ग्रे यांनी १९६४ मध्ये काउकॅडन्सच्या १९५० च्या दशकातल्या रस्त्याचे जे मोठे तैलचित्र काढले, ते आज पाहताना त्या जागेवर एक अख्खे जग नांदत होते हे कळते. ते चित्र महामार्ग अडवू शकले नसते, हे उघड आहे. पण अशी शंभर चित्रे आणि वीस कादंबऱ्या त्या नियोजनाच्या आधी असत्या, तर त्या वस्तीला “हा भाग मोकळा करायचा” असे सहज म्हणणे नियोजनकारांना निश्चितच जड गेले असते.

या पडझडीच्या काळात एका सार्वजनिक संस्थेने जे केले, ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ग्लासगो ग्रीन या मैदानावर १८९८ साली उघडलेले पीपल्स पॅलेस हे शहराच्या सामान्य माणसांचे संग्रहालय. तिथल्या संग्रहपाल एल्स्पेथ किंग आणि त्यांचे सहकारी मायकेल डॉनेली हे पाडल्या जाणाऱ्या इमारतींतून रंगीत काचा, कागदपत्रे, फलक, कामगार संघटनांचे झेंडे वाचवून आणत असत. १९७७ मध्ये किंग यांनी ग्रे यांना पगारी चित्रकार-नोंदकर्ता म्हणून नेमले. कामाचे स्वरूप साधे होते: ग्लासगो आज कशी दिसते आणि तिथे कोण राहते, ते काढा. ग्रे यांनी पूर्व ग्लासगोचे रस्ते रंगवले, टेम्पलटनच्या गालिचा कारखान्याजवळचा लंडन रोड रंगवला, राजकारणी आणि लेखकांबरोबर नोकरदारांची आणि तरुण पोरांची चित्रे त्यांच्या खोल्यांतल्या रोजच्या वस्तूंसकट काढली. ग्रे यांच्या रेषेला छाया फारशी मानवत नाही. ती ठाम, स्वच्छ आणि सलग असते, त्यामुळे माणूस, चहाची किटली आणि खिडकीबाहेरची इमारत या तिघांना सारखाच मान मिळतो. नगरपालिकेच्या संग्रहालयाने सामान्य नागरिकाच्या चेहऱ्यासाठी चित्रकाराला पगार द्यावा, ही कल्पना जितकी माफक आहे तितकीच ती क्रांतिकारक आहे. पूर्वी असे चेहरे रंगवले जात ते सरदारांचे आणि महापौरांचे. या नेमणुकीचा खर्च कोणत्याही महोत्सवाच्या आतषबाजीपेक्षा कमी असणार, आणि ती चित्रे मात्र आजही शहराच्या मालकीची आहेत.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की ग्रे यांच्यासारखा कलावंत सरकारी पैशामुळे घडत नाही, तो त्याच्याविना किंवा त्याच्याविरुद्धही घडतो. त्यांनी अनेक वर्षे हलाखीत काढली हे खरे आहे. ते शाळांत अर्धवेळ चित्रकला शिकवत होते, नभोवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी नाटके लिहीत होते, परिचितांची चित्रे काढून गुजराण करीत होते. त्यांची जी भित्तिचित्रे आज टिकून आहेत, त्यांतली काही खासगी मालकांमुळे झाली, हेही मान्य केले पाहिजे. अ‍ॅश्टन लेनमधल्या ‘युबिक्विटस चिप’ या उपाहारगृहाच्या भिंती त्यांनी रंगवल्या. बायर्स रोडच्या टोकाला असलेले जुने केल्विनसाइड चर्च विकत घेऊन त्याचे ‘ओरान मोर’ हे कलाकेंद्र आणि पब करणाऱ्या मालकाने त्यांना अख्खे छत दिले. तारकांनी भरलेले ते निळे छत हे त्यांचे सर्वांत मोठे काम आहे, आणि त्यासाठी त्या मालकाचे आभारच मानायला हवेत. पण या उदाहरणांतून खासगी आश्रय पुरेसा आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ग्रीनहेड चर्चकडेही पाहावे. मालक उदार आहे तोवर चित्र आहे. मालकी बदलली, धंदा बसला किंवा इमारत नको झाली की त्या चित्राला बोलायला कोणी नसते. आश्रय कोणीही द्यावा. जतनाची हमी मात्र व्यक्तीच्या मर्जीवर सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सरकारी पैसा कलेला मिंधे करतो. ग्रे यांच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण त्यांना मिळालेला पैसा लहान, स्थानिक आणि कामापुरता होता. जिथे तो मोठा, झगमगीत आणि जाहिरातीसाठी होता, तिथे ते त्याच्या विरोधात उभे राहिले. १९९० मध्ये ग्लासगोला युरोपियन सांस्कृतिक शहराचा मान मिळाला. बाहेरून मोठमोठे कार्यक्रम आणले गेले, उतरत्या कारखानदारीचे शहर नव्या वेष्टनात जगासमोर ठेवले गेले, आणि त्याच वर्षी एल्स्पेथ किंग यांना, पीपल्स पॅलेस ज्यांनी उभे राखले त्या संग्रहपालांना, नव्याने निर्माण केलेल्या सामाजिक इतिहास विभागाच्या प्रमुखपदासाठी डावलण्यात आले. या निर्णयाविरुद्ध शहरात मोठा जनक्षोभ झाला. ग्रे आणि जेम्स केल्मन यांच्यासारखे लेखक त्या वर्षीच्या उत्सवी संस्कृतीवर उघड टीका करीत होते. पर्यटनाचा युक्तिवाद कलेसाठी किती धोक्याचा आहे, हे या प्रसंगातून दिसते. शहर पाहुण्याच्या डोळ्यांनी सजवायचे ठरले की रहिवाशाच्या आठवणी अडगळीत जातात, आणि हिशेबात मात्र हा खर्च “संस्कृती” या मथळ्याखालीच लिहिला जातो.

हाच राग पुढे ग्रे यांना एका चुकीच्या वाटेवरही घेऊन गेला. डिसेंबर २०१२ मध्ये गाजलेल्या ‘सेटलर्स अँड कॉलनिस्ट्स’ या निबंधात त्यांनी इंग्लंडमधून स्कॉटलंडमध्ये आलेल्या लोकांचे दोन वर्ग केले: इथे मुरून राहणारे आणि पदोन्नतीची पायरी म्हणून येऊन निघून जाणारे. कलासंस्थांच्या वरिष्ठ पदांवर स्थानिक काम ठाऊक नसलेली माणसे नेमली जातात, ही त्यांची तक्रार रास्त होती. पण ती माणसाच्या जन्मभूमीच्या भाषेत मांडल्यामुळे ज्यांनी आयुष्यभर स्कॉटलंडमध्ये निष्ठेने काम केले अशा अनेकांना ती अपमानास्पद वाटली, आणि तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. निर्णय घेणारा कुठे जन्मला यापेक्षा त्याने त्या जागेचे काम पाहिले आहे का, हा प्रश्न विचारला असता तर त्याला उत्तर देणे सत्तास्थानी बसलेल्यांना अवघड गेले असते. ग्रे यांच्या थोरवीला या निबंधाने बाधा येत नाही, पण त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो झाकून ठेवू नये.

बहुतेक मराठी वाचकांना ग्रे यांचे नाव पोचले ते ‘पुअर थिंग्ज’ या २०२३ च्या चित्रपटामुळे. योर्गोस लँथिमॉस यांच्या या चित्रपटाला व्हेनिसचा गोल्डन लायन आणि चार ऑस्कर मिळाले. ग्रे यांची मूळ कादंबरी १९९२ सालची. तिला व्हिटब्रेड आणि गार्डियन हे दोन्ही कादंबरी पुरस्कार मिळाले होते. कादंबरी एकोणिसाव्या शतकातल्या ग्लासगोत घडते: क्लाइड नदीतून बाहेर काढलेली आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेने पुन्हा जिवंत केलेली बेला, ती शस्त्रक्रिया करणाऱ्या गॉडविन बॅक्स्टरचे पार्क सर्कस या रस्त्यावरचे घर, केल्विनग्रोव्ह उद्यान. चित्रपटाने ग्लासगो काढून लंडन घातले. दिग्दर्शकाचे म्हणणे असे की आपण ग्रीक असल्याने स्कॉटलंडविषयीचा चित्रपट करणे आपल्याला खोटे वाटले असते. ग्रे यांनी हयातीत त्यांना ग्लासगो फिरवून दाखवली होती, आणि लँथिमॉस यांच्या कलाकृतीत स्वतःचे असे सामर्थ्य आहे. रूपांतराला मूळ कृतीचे गुलाम असण्याचे बंधन नाही, हेही मला मान्य आहे.

तरीही या बदलाला केवळ पार्श्वभूमीचा बदल म्हणता येत नाही. कादंबरीची चौकटच अशी आहे की पाडापाडीच्या काळात पीपल्स पॅलेससाठी कागदपत्रे गोळा करणाऱ्या मायकेल डॉनेली यांना रस्त्यावर टाकून दिलेल्या गठ्ठ्यात एका विसरलेल्या डॉक्टरचे आत्मकथन सापडते, आणि ग्रे ते संपादित करून, टिपा आणि जुनी चित्रे जोडून प्रसिद्ध करतात. खऱ्या संग्रहपालाला कल्पित शोधाचा नायक करून ग्रे यांनी सांगितले आहे की शहराने स्वतःची स्मृती कचऱ्यात फेकली होती आणि ती एका नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याने उचलली. आत्मकथनानंतर त्या डॉक्टरच्या पत्नीचे, व्हिक्टोरियाचे, म्हणजे त्याने बेला म्हणून रंगवलेल्या स्त्रीचे पत्र येते आणि ते नवऱ्याची सगळी अद्भुत कहाणी खोटी ठरवते: मेंदूच्या शस्त्रक्रियेने जन्मलेली मी नव्हे, मी गरिबीतून वर आलेली, स्त्रियांवर आणि मुलांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. पुरुषाने रचलेल्या बेलाला खरी स्त्री उत्तर देते, ते याच शहरात राहून आणि काम करून. चित्रपटात हे पत्र नाही. पुस्तकातल्या बेलाच्या चित्राला ग्रे यांनी ‘बेला कॅलेडोनिया’ हे नाव दिले आहे, म्हणजे ती स्कॉटलंडचेही रूप आहे: इतरांनी घडवलेले, इतरांनी नाव दिलेले, आणि हळूहळू स्वतःच्या मनाने चालू लागलेले. ग्लासगो गेली तेव्हा हा सगळा अर्थ गेला, आणि जगभरच्या प्रेक्षकांनी पुन्हा एकदा त्याच लंडनला भेट दिली, जिथे ते आधीच असंख्य वेळा जाऊन आले होते. थॉने काउकॅडन्सच्या चढावर जे म्हटले होते, त्याचा इतका चोख पुरावा शोधूनही सापडला नसता. कोणताही दिग्दर्शक कायद्याने किंवा नैतिकतेने ग्लासगो दाखवायला बांधलेला नाही, हे खरे. म्हणूनच ग्लासगोची कल्पना करण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही, ते ग्लासगोनेच करायला आणि करवून घ्यायला हवे.

ग्रे यांनी वारंवार वापरलेले एक वाक्य, कॅनडातील कवी डेनिस ली यांच्या ओळींवरून घेतलेले, स्कॉटिश संसदेच्या भिंतीवर कोरलेले आहे: एका अधिक चांगल्या राष्ट्राच्या सुरुवातीच्या दिवसांत आपण जगत आहोत असे समजून काम करा. २०१४ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याविरुद्ध कौल दिला, ग्रे मात्र स्वातंत्र्याच्या बाजूचे होते. मला त्या राष्ट्रवादापेक्षा त्या वाक्यातला काम हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१५ मध्ये घराच्या पायऱ्यांवरून पडून पाठीच्या कण्याला दुखापत झाल्यानंतर चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी दान्तेच्या महाकाव्याचे इंग्रजी रूपांतर चालू ठेवले. २९ डिसेंबर २०१९ रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे पुढे काय करावे, याचे उत्तर हिलहेडच्या भुयारी रेल्वेस्थानकात आहे. स्थानकाचे नूतनीकरण होत असताना, २०१२ मध्ये, वाहतूक प्राधिकरणाने ग्रे आणि निकोल व्हीटली यांच्याकडून तिथल्या भिंतीसाठी एक लांबलचक टाइल-चित्र करून घेतले. आसपासच्या रस्त्यांचा, इमारतींचा आणि माणसांचा तो नकाशा आता कामावर जाणाऱ्या, शाळेतून परतणाऱ्या आणि रोज तिकीट काढणाऱ्या लोकांच्या नजरेखालून जातो. कोणी तो पाहण्यासाठी प्रवेशशुल्क देत नाही, आणि कोणाला आपण संग्रहालयात आलो आहोत असे वाटत नाही. स्थानक, शाळा, दवाखाना, ग्रंथालय, नगरपालिकेची वसाहत यांच्या प्रत्येक बांधकामाच्या अंदाजपत्रकात अशा कामासाठी एक लहान रक्कम आरंभीच धरलेली असावी, ते काम त्या जागेला ओळखणाऱ्या कलावंताकडे जावे, आणि ती इमारत पुढे विकताना किंवा पाडताना त्या चित्राचे काय होईल, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे.